एका अंगाचे दोन रोग

भागिरथाच्या अंगावरचे पांढरे डाग मेडशी गावाला नवे नव्हते. तिची लेक हेमला जन्मली त्या साली पहिला डाग ओठाच्या कडेला आला, मग बोटांच्या पेरांवर, मग दोन्ही कोपरांवर. तेव्हा विहिरीवर बायांची कुजबुज झाली. कोणी म्हणालं, मासे खाऊन वरून दूध प्यायली असेल. भागिरथाच्या घरात दूध चहात टाकायलासुद्धा पुरत नव्हतं, पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? पुढे लोकांच्या नजरेला सवय झाली. बौद्धवाड्यात तीन भागिरथा होत्या, त्यातली ही कोडवाली. तसं म्हणताना कोणाच्या मनात वाईट नसायचं, ओळखायला काहीतरी हवंच.

तिचा नवरा भिवाजी अकोला-वाशीम सडकेवर मैलकुली होता. सडकेचे खड्डे बुजवायचे आणि कडेच्या झाडांना चुना-गेरू लावायचा, हे त्याचं काम. तोंडानं सैल, मनानं साफ. पहिला डाग पाहून तो म्हणाला होता, "सडकीच्या झाडाले मी चुना लावतो, तुले कोनं लावला व?" ती खळखळून हसली होती, आणि त्या घरापुरता तो विषय तिथंच मिटला होता.

खरं दुखणं पुष्कळ वर्षांनी आलं. बहात्तरचा दुष्काळ सरला, हेमलाचं लग्न होऊन ती कामरगावला नांदायला गेली, आणि त्याच उन्हाळ्यात भागिरथाच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं. काही दिवसांनी आलं तसं आपोआप गेलं. मग पायांची पाळी आली. चालताना तळव्याखाली कापूस अंथरल्यासारखं वाटायचं. चप्पल पायातून निसटून मागेच राहायची, आणि ही चार घरं पुढे गेल्यावर कोणीतरी हाक मारून सांगायचं. लोक हसायचे, तीही हसायची. एक दिवस ती चुलीपुढे भाकरी थापत असताना निखारा बाहेर घरंगळला आणि तिच्या पावलावर येऊन थांबला. कातडी जळाल्याचा वास सासूला, चतुराबाईला, आधी आला.

"अवं, पाय जयला तुहा!"

भागिरथानं खाली पाहिलं. निखारा पावलावर धुमसत होता आणि तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. त्या दिवसापासून तिला हसू आलं नाही.

त्याच वर्षी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सरकारनं ढब्बू अक्षरांत लिहून घेतलं होतं की अंगावर बधिर चट्टा असेल तर तो महारोग समजावा. जीपमधून साहेब आले, पडद्यावर चित्रं दाखवून गेले. महारोग देवाचा कोप नाही, पिढीजात नाही, गोळ्यांनी बरा होतो, हे सगळं त्यांनी नीट सांगितलं. गावानंही मन लावून ऐकलं. फक्त साहेबांनी सांगितलं होतं की जिथं चट्टा तिथंच बधिरपण पाहायचं, आणि गावानं घरी नेल्या त्या सुट्या दोन वस्तू: एक चट्टा, एक बधिरपण. भागिरथाजवळ दोन्ही होतं. तिच्या डागावर बाभळीचा काटा टेकवला तरी ती हात झटकायची, आणि जे पाय मेले होते त्यांच्यावर औषधालाही डाग नव्हता. पण एवढं कोण पाहत बसतो! अडाणी राहिले असते तर कदाचित चुकले नसते. अर्धवट शिकले आणि चुकले.

परसात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, कुडाची एक झोपडी उभी राहिली. बांधली भिवाजीनंच, आणि बांधताना एकदाही बायकोकडे पाहिलं नाही. तिचं ताट वेगळं झालं, अंथरूण वेगळं झालं. माठाला हात लावायचा नाही असं कोणी सांगितलं नाही. तिनंच लावणं सोडलं. तहान लागली की ती हाक द्यायची, मग चतुराबाई तांब्या घेऊन यायची आणि हातभर उंच धरून तिच्या ओंजळीत पाणी ओतायची.

आता हे कोणी करावं? चतुराबाईनं! छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेली ही बाई. त्या दिवसापासून तिनं ओंजळीनं पाणी प्यायचं सोडलं होतं. पाटलाच्या वावरात निंदायला गेली तरी घरचं मडकं डोक्यावर घेऊन जायची. तहानेनं जीव कासावीस झाला तरी चालेल, पण कोणी वरून ओतलेलं पाणी घशाखाली उतरवणार नाही, असा तिचा बाणा. साऱ्या बौद्धवाड्याला तिच्या त्या मडक्याचा अभिमान होता. आणि तीच आता सुनेच्या ओंजळीत वरून धार सोडत होती. ओतताना ती मान फिरवून उभी राहायची, म्हणून पाणी कधी मनगटावर सांडायचं, कधी लुगड्यावर.

"मले बी समजते व भागिरथे," ती एकदा म्हणाली. "पन भेव वाटते."

"मी काई म्हनलं का मामीजी?" भागिरथा म्हणाली, आणि ओल्या हातांनी तोंड पुसून घेतलं. सासूचा तिला राग येत नव्हता. राग आला असता तर सोबतीला निदान तो तरी राहिला असता.

दिवस रिकामे झाले. कापूस वेचायला निघालेल्या बाया कुंपणापलीकडून जायच्या, आणि झोपडी आली की त्यांचं बोलणं हळू व्हायचं. शेजारची लिलाबाई, जिच्याशी रोज तंबाखूची देवघेव चालायची, ती आता तिकडूनच "बरं हाय ना व?" म्हणून विचारायची आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जायची. रविवारी विहारात वंदना व्हायची. भागिरथा झोपडीच्या दारात हात जोडून बसायची आणि ऐकू येईल तसं म्हणायची. आवाज अर्धा वाऱ्यावर जायचा, त्यामुळे ती नेहमी एक ओळ मागे असायची. तिकडे सगळे म्हणून मोकळे व्हायचे, आणि शेवटचं सरण ती एकटी म्हणायची. भिवाजी सडकेवरून आला की तिच्या दाराशी बसून जेवायचा, दोन गोष्टी सांगायचा. पण काम लांबच्या मैलावर असलं की त्याचा मुक्काम तिकडेच पडायचा. माणसाच्या आवाजाची इतकी भूक लागते, हे तिला त्या झोपडीत कळलं.

हे सगळं ती सोसत होती, कारण एक दिवस हेमला घरी येणार होती. हेमलाला दिवस गेले होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर जगाची रीत. हेमलाचं जेवण, हेमलाची शेक-शेगडी, बाळाचं न्हाणं, सगळं भागिरथा मनातल्या मनात रोज करून पाहायची. आणि मग कामरगावहून निरोप आला. ज्या घरात महारोग आहे, त्या घरी आम्ही सून बाळंतपणाला धाडत नाही.

निरोप घेऊन भिवाजीच आला होता. भागिरथा म्हणाली, "मले अकोल्याले घेऊन चला."

"कायले?"

"हा महारोग नाही. माहं मन सांगते. डागाले माह्या चिमटा घेतला तं मले लागते. मोठ्या डाक्टरानं एकदा सांगू द्या, मंग पोरगी येते का नाही पाहतो."

अकोल्याच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, चष्म्याचा. त्यानं तिला घाईनं पाहायला घेतलं आणि मग त्याची घाई संपली. डागांवर टाचणी टोचली. ती प्रत्येक वेळी "हाव" म्हणाली. पायांवर टोचली, ती गप्प राहिली. गुडघ्यावर लहानशी हातोडी मारली तर पाय उसळून त्यालाच लागता लागता राहिला. तळव्यावर किल्ली ओढली तर अंगठा वर गेला. डोळ्यात बॅटरी धरून तो म्हणाला, "या डोळ्याला मागे काही झालं होतं का?" भागिरथा चकित झाली. ते धुकं तिनं घरीसुद्धा कोणाला धड सांगितलं नव्हतं.

शेवटी तो स्टुलावर बसला. "महारोग नाही."

भिवाजीनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"पण थांबा," डॉक्टर म्हणाला. "दोन वेगळे आजार आहेत. अंगावर आहे ते कोड. त्यानं कातडीचा रंग जातो, बाकी काही होत नाही, आणि ते कोणाला लागत नाही. पायांचं आणि डोळ्याचं मात्र मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातून आलंय. तारेवरचं वेष्टण निघालं की वीज नीट जात नाही, तसं. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात त्याला. तेही कोणाला लागत नाही."

"एकाच मानसाले दोन दोन?" भिवाजी म्हणाला.

"होतं असं. अंगाची राखण करणारं जे काही आपल्या आत असतं, तेच चुकतं आणि आपल्याच अंगावर धावून जातं, असं आता म्हणतात. एकदा ते चुकायला लागलं की कधी इथं चुकतं, कधी तिथं."

"म्हंजे घरच्यायनंच वायीत टाकलं म्हना," भागिरथा म्हणाली.

डॉक्टर हसला. "तसंच."

"मंग गोयी द्या काई."

त्याचं हसू गेलं. यावर गोळी नाही, तो म्हणाला. कधी कमी होईल, कधी वाढेल. पण एकंदरीत वाढत जाईल. भिवाजी तोवर चपला शोधत उठला होता. त्याला जे ऐकायचं होतं ते त्यानं ऐकलं होतं. भागिरथा बसूनच राहिली. "माह्या लेकीले होईन काय?"

"बहुतेक नाही," डॉक्टर म्हणाला. "एखाद्या घराण्यात दिसतं, पण बहुतेक नाही."

परतीच्या एस्टीत भिवाजी त्या आजाराचं इंग्रजी नाव पाठ करत होता. पातूर येईपर्यंत त्यातलं नुसतं 'मल्टी' उरलं, आणि मेडशीच्या थांब्यावर उतरताना तेही राहिलं नाही. पण त्याला त्याची गरजच नव्हती. थांब्याजवळच्या हॉटेलासमोर उभं राहून तो मोठ्यानं म्हणाला, "महारोग नाही! माह्या बायकोले महारोग नाही!"

"मंग काय हाय?" कोणीतरी विचारलं.

"दोन रोग हायत. येगयेगळे."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एक रोग असताना दोन कशाला मानायचे? महारोग त्यांना समजत होता, त्याचं नाव भिंतीवर होतं. हे दुसरं काय ते बिननावाचं! भिवाजी बायकोच्या मायेनं बोलतो आहे, असं ठरवून सगळे चहाला लागले.

चतुराबाईनं मात्र लेकाचा शब्द मानला. तिनं आत जाऊन तांब्या भरून आणला आणि तो भागिरथाच्या हातात दिला. भागिरथा तांब्याला तोंड लावून सगळं पाणी प्यायली. सासू तिच्यासमोर बसून रडली, मग स्वतःच उठून तिचं अंथरूण झोपडीतून घरात आणून टाकलं. त्या दिवशी भागिरथा इतकी सुखात होती की डॉक्टरनं आणखी काय सांगितलं होतं हे ती विसरूनच गेली. हेमलाची बाज कुठं टाकायची यावर सासू-सुनेत छोटंसं भांडणसुद्धा झालं, आणि भांडायला मिळालं म्हणून दोघींना बरं वाटलं.

कामरगावला बातमी पोचायला वेळ लागला नाही. आठवड्याचा बाजार यायच्या आत हेमलाची सासू, कमलीबाई, स्वतः येऊन दारात उभी राहिली. नवरा लवकर गेलेला, दोन पोरं हिमतीवर वाढवलेली. बोलायला कडक, पण लबाड नाही. तिनं जयभीम केला, बाजेवर बसली, पुढे आलेल्या चहाकडे पाहिलंही नाही.

"महारोग नाही म्हनते तुमी. मंग काय हाय?"

"कोड येगळं, पायाचं येगळं," भिवाजी उत्साहानं म्हणाला. "डाक्टर म्हने, कोनाले लागत नाही. बाहेरून आलंच नाही ते! आपल्याच अंगातून निंगते, अन् आपल्याच अंगावर उलटते."

"काही दवा?"

"दवा नाही म्हने."

कमलीबाईचा चेहरा उतरला. भागिरथानं ते पाहिलं. भिवाजीला अजून काही उमगलं नव्हतं.

"आपल्याच अंगातून म्हंजे रक्तातून," कमलीबाई सावकाश म्हणाली. "मंग पोरीच्या बी रक्तात असन."

चतुराबाई आतून दारात येऊन उभी राहिली.

"पाहा ईनबाई, मी कडू बोलतो, पन तोंडावर बोलतो. महारोगाचं मी मनाले लावून नोतं घेतलं. जीपवाल्या साहेबानं हेमलाले पुरी तपासली, म्हने पोरगी साफ हाय, हा रोग मायचा लेकीले येत नसते. म्हून म्या फक्त बाळंतपनाले धाडत नाही म्हनलं. पन हे तं भलतंच निंगलं. याले नाव नाही, गोयी नाही, अन् पोरीच्या आंगात कवा उठन त्याचा नेम नाही. उद्या माही सून आंधयी झाली, पाय गेले, तं माह्या लेकानं काय करावं? दुसरी करावी?" ती थांबली. पुढचं बोलणं तिलाही जड जात होतं. "त्यापरीस मी तिले आनून सोडतो. बाळंत होऊ द्या इथं. अन् मंग राहू द्या इथंच."

चतुराबाईनं चौकट धरली.

आणि भागिरथाला, देवाशपथ खोटं कशाला सांगायचं, एक क्षण आनंद झाला. हेमला येणार होती. या घरात तिचं बाळ रांगणार होतं, नेहमीसाठी. कोणी परत नेणार नव्हतं. झोपडीतले ते मुके दिवस पुन्हा येणार नव्हते. दिवसभर 'माय, माय' ऐकू आलं असतं. जे मागायला ती अकोल्याला गेली होती, ते दारात चालून आलं होतं. मग तिला हेमला दिसली: काखेत लेकरू, टाकलेली, कुंपणापलीकडून जाताना बाया हळू बोलताहेत. त्या हळू बोलण्याचा आवाज आता तिच्याइतका कोणाला ठाऊक होता?

"ईनबाई," ती म्हणाली, "महारोगच हाय."

"भागिरथे!" भिवाजी ओरडला.

"तुमी गप राहा." ती कमलीबाईकडे पाहत राहिली. "याहिले गावात लाज वाटते, म्हून बनवून सांगून राह्यले. डाक्टरानं महारोगच सांगतला. गोया चालू केल्या."

कमलीबाईनं मोठा श्वास सोडला. खरं-खोटं करायला ती बसली नाही. ज्या गोष्टीनं घर सावरतं ती गोष्ट माणूस लवकर मानतो. "मंग आधीच सांगाले काय झालतं?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदा माया आली. "लाज कायची त्यात! गोया खाजा नेमानं. हेमलाचं मी पाहतो, माही लेकच हाय ते. तुमी फिकर करू नोका." जाताना तिनं दुरूनच हात जोडले. चहा तसाच गार होऊन गेला.

चतुराबाई दारातून आत सरली होती. भागिरथा उठली, भिंतीला धरत परसात गेली, आणि तिचं अंथरूण थोड्या वेळानं कोणीतरी झोपडीच्या दाराशी आणून ठेवलं.

भिवाजी तिच्यापुढे येऊन उभा राहिला. "साऱ्या गावासमोर खोटा पाडला तुनं मले."

"पाडलं," ती म्हणाली. "पोरीचं घर राह्यलं ना?"

"मायले तरी खरं सांगतो."

"मामीच्या पोटात काई राहत नाही. अन् गावाले कयलं का कामरगावले कयलं."

त्यानं नाही सांगितलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यानं पोटात ठेवली, आणि ती ठेवताना त्याचं हसणं-बोलणं निम्मं झालं. जीप पुन्हा गावात आली तेव्हा त्यानं साहेबांना परस्पर सांगितलं की बाईची दवा अकोल्याहून चालू आहे. साहेबांनी शाबासकी दिली. गावही म्हणालं, बघा, शेवटी आपलंच खरं निघालं.

हिवाळ्यात हेमलाला मुलगा झाला. भिवाजी जाऊन पाहून आला आणि झोपडीच्या दारात बसून त्याचं नाक, त्याचे कान, त्याचं जावळ सांगत राहिला. तो थकला तरी ती "मंग?" म्हणायची. तोवर तिचे पाय जवळपास गेले होते. बसल्या जागी सरकत ती दारापर्यंत यायची, हातातही आता भांडं नीट राहत नव्हतं. लोक म्हणत, महारोग हातापायाला आला.

चैत्रात हेमला आली. एका दिवसापुरती, दुपारच्या गाडीनं परत जायच्या बोलीवर. बाळाला घेऊन ती कुंपणाच्या आत आली आणि कमलीबाईनं शिकवून पाठवलं होतं तिथं थांबली. अंगानं भरली होती, हातात हिरवा चुडा होता. नांदत्या घरची बाई दिसत होती. भागिरथाला ते पाहून इतकं समाधान झालं की तिला क्षणभर दुसरं काही नकोच होतं.

"माय, पाह्य," हेमला म्हणाली. तिनं बाळाला दोन्ही हातांनी उचलून धरलं. त्याला ऊन लागलं आणि तो रडायला लागला.

"सावलीत घे त्याले, सावलीत घे," भागिरथा दारातून म्हणाली. तिचे हात आपोआप पुढे झाले होते, ते तिनं मांडीवर ठेवले.

हेमला रडत होती आणि हसत होती. "माय, साहेबानं मले सांगतलं. गोयी नेमानं खाल्ली का मानूस खडखडीत बरा होते. दोन-चार वर्सं लागतीन, पन होते. तू खाय. बरी झाली का मी याले आनून तुह्याच मांडीवर टाकतो. तवा हा पयत येईन तुह्याकडं."

भिवाजी कुंपणाकडे तोंड करून उभा होता.

"खातो ना व माय," भागिरथा म्हणाली. "एका दिसाचा खाडा नाही."

"खरं?"

"खरं."

मग गाडीची वेळ झाली. हेमलानं बाळाला पदराखाली घेतलं, बापाच्या मागे निघाली, आणि वळणावरून पुन्हा ओरडून सांगितलं, "इसरू नको व माय!" भागिरथानं मान हलवली. ती दोघं सडकेला लागेपर्यंत ती मान हलवतच राहिली.